दाराची फळी

लाकूड दिसलं की बाबा अस्वस्थ व्हायचे. फळीवर कुठेही, अगदी बोटाच्या पेराएवढं लाकूड उघडं राहिलं, तरी ते वाकून तिथे चार शेंगदाणे सारायचे. त्यांच्या घरी भाड्याने राहायला आलो, त्या पहिल्या वर्षी मी कारण विचारलं. म्हणाले, "गुरुजी, लाकूड दिसले म्हणजे पाहुण्यास वाटते, आपण उशिरा आलो. पाहुणा कधीच उशिरा आलेला नसतो."

ही फळी वर्षातून एकदाच, नाताळच्या दिवशी निघायची. सकाळची उपासना संपवून लोक चर्चमधून बाहेर पडले की बाबांच्या ओसरीवर ती मांडून तयार असायची. धुरावर टांगून मुरवलेलं डुकराचं मांस, कागदासारखं पातळ कापलेलं. उकई धरणाच्या पाण्यातले खारवलेले मासे. उकडलेली अंडी. फडक्यात बांधून, दगडाखाली दाबून केलेलं घरचं चीज. नागलीच्या कडक भाकरीचे तुकडे, पेरूच्या फोडी, खजूर, सोललेला ओला हरभरा, मिठातल्या लाल मिरच्या. हल्ली नंदुरबारच्या हॉटेलातही असं काहीसं मिळतं. त्याला शार्कुटरी बोर्ड म्हणतात. नाव फ्रेंच, द्राक्षं नाशिकची आणि चीज डब्यातलं. लोक उभे राहून त्याचा फोटो काढतात आणि मग पनीर टिक्का मागवतात. बाबांना हे नाव ठाऊक नव्हतं. ते नुसतं 'फळी' म्हणायचे आणि गावात त्यांना सगळे 'फळीवाला बाबा' म्हणायचे.

फळी म्हणजे मुळात एक दार होतं. तरुणपणी बाबा एका परदेशी डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते. बाई मायदेशी गेल्या, बंगला पुढे पडला. लोकांनी कौलं नेली, गज नेले. बाबांनी कोठीचं दार उचललं आणि त्याचा वरचा अर्धा भाग कापून ठेवला. कडीच्या जागी एक गोल भोक राहिलं होतं. सुतार ते बुजवायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि त्या भोकात नेमकी बसेल अशी पितळी वाटी नवापूरच्या बाजारात तीन आठवडे शोधली. वाटीत वाटलेल्या मोहरीची चटणी. फळीवर पहिली ती वाटी बसायची, मग बाकीचं जग.

मी ब्राह्मणपुरी गावचा. आमचं घर माळकरी, शेतीवाडीचं. घरात अंडं कधी आलेलं नाही. चिंचपाड्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका गावच्या शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून मी लागलो आणि बाबांच्या घरातली रस्त्याकडची खोली मला मिळाली. आई दर रविवारी फोनवर विचारायची, "तू तठे काय खाई ऱ्हायना रे?" मी सांगायचो, खिचडी. मग ती म्हणायची, "त्यास्ना घरमा मास शिजस म्हने." मी म्हणायचो, शिजत नाही, टांगतात. त्यावर ती फोन वडिलांकडे द्यायची.

त्या गावात मी मराठी शिकवायला गेलो, तेव्हा पोरं घरी कोकणी, म्हणजे इथल्या कोकणा आदिवासींची बोली, बोलत होती, दुकानदार गुजराती, बस कंडक्टर अहिराणी आणि मुख्याध्यापक परिपत्रकाची भाषा. शुद्ध मराठी बोलणारा गावात एकच माणूस होता आणि तो स्वयंपाकी होता. बाबा मराठी शिकले ते धर्माच्या जुन्या पुस्तकांतून आणि डॉक्टरीणबाईंकडून, ज्या स्वतः ती परक्या देशात व्याकरणावरून शिकल्या होत्या. त्यामुळे ते 'नक्की' म्हणत नसत, 'खचित' म्हणत. 'तुम्हाला' नाही, 'आपणांस'. शेजारीण वाटीभर तेल मागायला आली तर तिच्याशी कोकणीत हसून बोलायचे आणि माझ्याकडे वळले की अंगात कोट चढवल्यासारखे व्हायचे. गावात सगळे मला सर म्हणत. बाबांनी नऊ वर्षं गुरुजीच म्हटलं. हे मला आवडायचं, हे कबूल करायला हवं. पुढच्या गोष्टीशी त्याचा संबंध आहे.

माझ्यासाठी त्यांनी फळीचं राज्य वाटून दिलं होतं. भोकाच्या डावीकडे मांस, मासे, अंडी. उजवीकडे चीज, फळं, भाकरी, हरभरा. मधे पेरूच्या फोडींची सरळ रांग, ती हद्द. सुऱ्या दोन, माझ्या बाजूच्या सुरीच्या मुठीला पांढरा दोरा गुंडाळलेला. एका वर्षी कुणी पाहुण्याने पांढऱ्या दोऱ्याच्या सुरीने मासा कापला. बाबा उठले. सुरी उचलली, परसात जाऊन राखेने घासली, चुलीत धरली, थंड होऊ दिली, दोरा नवा गुंडाळला आणि परत आणून ठेवली. तोवर माझं जेवण झालं होतं. मी म्हटलं, बाबा, एवढं काही नाही. ते म्हणाले, "आपणांस नसेल. आपल्या मातोश्रींस आहे." माझ्या आईला त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

फळीचे आणखीही कायदे होते. ताटल्या नाहीत. फळी मधे, माणसं भोवती, प्रत्येकाने आपल्यासमोरचं खायचं. हात लांबवायचा नाही, हवं ते दूर असेल तर फळी फिरवायची. फळी फिरवण्याचं काम बाबांचं. आणि सगळ्यात महत्त्वाचा कायदा असा, की उत्तम तुकडा त्याच्यासमोर ठेवायचा, जो हात पुढे करायला कचरतो. हे ते फळी भरण्याआधी ठरवत. कोण कोण येणार, कोण कुठे बसणार, कोण लाजणार. नवी सून, परगावाहून आलेला पाहुणा, नुकतंच घरचं कुणी गेलेलं माणूस. खायला बसल्यावर त्या माणसाला कळायचंही नाही की चांगला तुकडा त्याच्याच पुढे कसा. पहिल्या वर्षी माझ्यासमोर चीजचा मधला, सगळ्यात मऊ तुकडा होता. मला वाटलं, योगायोग.

तालुक्याचे एक पुढारी दर नाताळला गावात यायचे. सोबत शाली, केक आणि फोटोवाला. केक कापायचा, शाल पांघरायची, शाल परत घ्यायची, कारण पुढच्या गावात तीच लागणार. एका वर्षी ते ओसरीवर चढले आणि फोटोवाला म्हणाला, साहेब, ते मांस हातात घ्या, समाजात चांगलं दिसेल. साहेब दोन महिन्यांपूर्वीच कुठल्याशा सप्ताहात कायमचा मांसाहार सोडल्याचं जाहीर करून आले होते आणि तोही फोटो छापून आला होता. साहेबांचा हात हवेत थांबला. बाबांनी फळी अर्धी फिरवली. पुढाऱ्यांच्या हाताखाली पेरू आला. फोटो पेरूसकट निघाला. मी नंतर म्हटलं, बाबा, तुम्ही त्यांना वाचवलंत, लाज वाटायला हवी होती त्यांना. बाबा म्हणाले, "ओसरीवर आलेल्या माणसास लाज वाटू देऊ नये. ती त्यास घरी वाटेल." मला ते पटलं नव्हतं. मला अशा माणसांची फजिती बघायला फार आवडायचं.

त्यांची बायको मी येण्याआधीच गेली होती. चर्चच्या मागे, चिंचेखाली तिची कबर. बाबा रोज संध्याकाळी तिथे जाऊन पालापाचोळा वेचायचे. चिंचेखाली तो कधी संपत नाही, याचं त्यांना बरंच वाटत असावं. एकुलता एक मुलगा सुरतेला होता, कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. चांगला मुलगा, सूनही चांगली. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टीत मुलं वाईट असली की लिहिणाऱ्याचं काम सोपं होतं. दर नाताळला तो बायकामुलांना घेऊन यायचा आणि दर वर्षी म्हणायचा, पप्पा, आता चला. शेवटी दोघांत एक करार झाला. मुलानेच तो माझ्यासमोर बोलून दाखवला: जोवर पप्पा एकट्याने नाताळची फळी भरतायत, तोवर मी काही बोलणार नाही. ज्या वर्षी फळी भरणार नाही, त्या वर्षी पप्पा सुरतेला. बाबा म्हणाले, "मान्य." आणि मला वाटतं, त्या दिवसापासून फळी हा त्यांचा सण राहिला नाही, परीक्षा झाली.

मग ती तापाची साथ आली. बाबा पंधरा दिवस पडून होते, उठले. सगळं पूर्वीसारखं दिसत होतं. एका सकाळी मी शाळेत निघालो तर घरभर करपल्याचा वास. स्वयंपाकघरात पाहिलं तर बाबा चुलीपाशीच पाठमोरे बसून हरभरा निवडत होते आणि त्यांच्यापासून हातभरावर दूध उतू जाऊन, आटून, काळं झालं होतं. मी भांडं उतरवलं. त्यांनी भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हातातला हरभरा खाली ठेवला. मग म्हणाले, "तीन महिने झाले. मला वाटले, परत येईल."

वास गेला होता त्यांचा. ज्या माणसाने आयुष्यभर नाकाने स्वयंपाक केला, त्याचं नाक गेलं होतं. त्यांनी मला बसवलं आणि शब्द घेतला. मुलाला कळता कामा नये. वास येत नाही म्हटलं की गॅस, गॅस म्हटलं की सुरत. गावातही कळता कामा नये, कारण गावाला कळलेलं सुरतेला कळतंच. मी शब्द दिला. ते म्हणाले, "मग आजपासून आपण माझे नाक."

तेव्हा मी हसलो. पण ते खरंच तसं सुरू झालं. रोज सकाळी दूध माझ्या नाकाखालून जायचं. डाळ, तेल, चुलीतला धूर. त्यांनी मला शिकवलंही. आंबट आणि आंबूस यांतला फरक, खवट कधी म्हणायचं, कुबट कधी. मी मराठीचा शिक्षक, वासाचे शब्द माझ्याकडे पुष्कळ होते, वास थोडे. पहिल्या वर्षी फळीचं निभलं. थंडी कडक होती, काही बिघडायचा प्रश्न नव्हता. बाबांनी मला मांस हुंगायला लावलं, मी "छान" म्हटलं, ते होतंही छान. लोकांनी बोटं चाटली. मुलाने जाताना माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाला, सर, पप्पा अजून तसेच आहेत. मला वाटलं, हे मी केलं. खरं म्हणजे थंडीने केलं होतं.

दुसऱ्या वर्षी डिसेंबरात आभाळ आलं. आठवडाभर ढग, उबारा, दमट हवा. मांस महिन्याच्या सुरुवातीलाच मीठ, गूळ आणि मिरी चोळून बरणीत दगडाखाली गेलं होतं आणि मग परसातल्या खोपटात, मक्याच्या कणसांच्या मंद धुरावर टांगलेलं होतं. बाबा दिवसातून चारदा खोपटात जाऊन हात लावून बघायचे. हाताने जितकं कळतं तितकं त्यांना कळत होतं. बाकीचं मी.

चोवीस तारखेला दुपारी त्यांनी मांस उतरवलं. खोपटाच्या दारात, उजेडात, त्याच फळीवर ठेवलं. मग खिशातून सुई काढली. ती डॉक्टरीणबाईंची स्वेटर विणायची लांब सुई होती. मांस आत, हाडाजवळ बिघडतं, बाहेरून कळत नाही. म्हणून सुई हाडापर्यंत खुपसायची, बाहेर काढायची आणि लगेच हुंगायची. हे ते चाळीस वर्षं करत आले होते. त्यांनी सुई खुपसली, क्षणभर आत ठेवली, काढली आणि दोन्ही हातांनी माझ्या नाकापाशी धरली.

मी हुंगलं.

आता इथे मला खरं लिहायला हवं. मला काही कळलं नाही. धूर होता, मीठ होतं आणि त्याखाली काहीतरी होतं, ज्यासाठी माझ्याकडे एकच शब्द होता: मांस. ते चांगलं मांस की वाईट, हे कसं सांगायचं? ज्याने आयुष्यात ते तोंडात घातलं नाही, त्याला त्याचा प्रत्येक वास थोडा बिघडलेलाच वाटतो. गेल्या वर्षीही असाच वास होता का? आठवेना. बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"आंबूस आहे?"

"थोडा."

"गोडसर आंबूस, की ओल्या राखेसारखा?"

मी पुन्हा हुंगलं. उद्या चाळीस माणसं. लहान पोरं. कुणाला काही झालं तर. मला वाटतं, त्या क्षणी मी मांसाचा विचार करत नव्हतो, माझा करत होतो. "मला कळत नाही" एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द नाहीत, तीन आहेत. पण दोन वर्षं मी जाणकार होतो. गुरुजी होतो. पुढाऱ्याच्या शालीला हसणारा मी, माझ्याही खांद्यावर एक शाल होती आणि ती मला काढवेना.

"बाबा, बरोबर वाटत नाही," मी म्हटलं.

"खचित?"

"हो."

त्यांनी सुई पुसली. वाद घातला नाही, पुन्हा खुपसून पाहिली नाही, दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही. बोलावलं असतं तर शेजारणीने एका श्वासात सांगितलं असतं. पण मग नाकाचं गुपित फुटलं असतं. त्यांनी परसात कुंपणापाशी खड्डा खणला. मी कुदळ मागितली, त्यांनी दिली नाही. चोवीस दिवसांचं काम त्यांनी खड्ड्यात ठेवलं, ठेवलं म्हणतो, टाकलं नाही, आणि माती लोटली. मग हात धुऊन म्हणाले, "आपण खरे बोलला, हे उत्तम केले. माणसे आजारी पडली असती."

नाताळच्या दिवशी फळी मांडली ती पितळी वाटीपासून, नेहमीसारखी. मासे थोडे होते, उबाऱ्यामुळे त्यांनी ते कमीच आणले होते. अंडी. चीज. पेरू त्यांनी डझनभर जास्त कापले, हरभरा पसरला, भाकरीचे तुकडे उभे न ठेवता आडवे ठेवले, म्हणजे जागा व्यापेल. पण डाव्या बाजूला, मांसाच्या जागी, हातभर लाकूड उघडं राहिलं. ते कशाने झाकलं जाईना. शेंगदाणे सारले, तर ते शेंगदाण्यांसारखेच दिसत होते.

लोक आले, बसले. नातवंडं धावत आली आणि फळीपाशी थांबली. मुलाने फळीकडे पाहिलं. त्याने हळूच विचारलं, "पप्पा, मांस?"

मी तिथेच होतो. माझी जागा उजवीकडे, पेरूच्या हद्दीच्या आत. मला वाटलं, बाबा मला विचारतील किंवा सांगतील, हवेने बिघडलं. ते सांगता आलं असतं. पण बिघडलं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कळलं कसं. आणि त्याचं उत्तर एक तर त्यांचं नाक होतं, नाहीतर माझं.

बाबा म्हणाले, "या वर्षी टांगायचे राहिले. विसरलो."

मुलगा बापाच्या तोंडाकडे बघत राहिला. बिघडलेलं मांस कुणाचंही होऊ शकतं. पण जो माणूस चाळीस वर्षं डिसेंबरची पहिली तारीख विसरला नाही, तो ती विसरला, याचा अर्थ सुरतेत काय लावतील हे ओसरीवरच्या प्रत्येकाला कळलं. सून डोळे पुसायला आत गेली. मी भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसलो होतो. बोलायला एवढा वेळ होता. फळी दोनदा फिरली.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मुलगा गाडी घेऊन आला. कराराप्रमाणेच, आवाज न चढवता, अगदी प्रेमाने. बाबा शेवटचे चिंचेखाली गेले. कबरीवरचा पाला वेचून आले आणि गाडीत बसले. घर माझ्या ताब्यात दिलं, भाडं घेणार नाही म्हणाले. फळी सुरतेला न्यायची होती, पण लिफ्टमध्ये बसणार नाही असं मुलगा म्हणाला. ती राहिली.

पुढच्या नाताळला मी सुरतेला गेलो. सहावा मजला, मोठी काच, खाली पूल. मुलाने घरी पार्टी ठेवली होती आणि पप्पांना बरं वाटावं म्हणून मुद्दाम बाहेरून तसली फळी मागवली होती. गुळगुळीत, गोल, एका कंपनीची मोहोर जाळून उमटवलेली. मांसाची गुलाबाची फुलं केलेली, चीजमधे काड्या, काड्यांवर कागदाचे झेंडे. मधेमधे मोकळं लाकूड. बाबा खुर्चीत बसले होते, केस विंचरलेले, अंगात नवा स्वेटर. त्यांनी हात पुढे केला आणि थोडी द्राक्षं मोकळ्या लाकडावर सरकवली. सून हळूच म्हणाली, "पप्पा, राहू द्या ना, ती डिझाइन आहे." त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

मी शेजारी जाऊन बसलो. ते वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "गुरुजी, वास कसा आहे?"

मी फळीकडे तोंड करून हुंगलं. एसीचा वास येत होता.

"चांगला आहे, बाबा."

"खचित?"

"खचित."

मार्चमध्ये ते गेले. सुरतेलाच दफन झालं. तिथल्या दफनभूमीला सिमेंटची फरसबंदी आहे, पाला वेचायचं काम नाही. मला मुलाचा फोन आला तेव्हा तो रडत होता. म्हणाला, सर, मी लवकर न्यायला हवं होतं, निदान विसरणं सुरू झालं तेव्हाच. मी म्हटलं, तुम्ही तुमचं केलंत. त्याला अजूनही वाटतं की त्याचे वडील विसरायला लागले होते. खरं काय ते त्याला कधी सांगायचं, हे मी अजून ठरवतो आहे. ठरवतो आहे, हे वाक्यही मी गेली दोन वर्षं वापरतो आहे.

मांस पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशीचं, त्या नाताळच्या सकाळचं मी वर लिहिलं नाही. ते लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

उजाडलं तेव्हा मी दात घासायला परसात गेलो. कुंपणापाशी खड्डा उकरलेला होता, आत काही नव्हतं. शेजाऱ्यांची पिवळी कुत्री आपल्या चार पिल्लांसह आमच्या फाटकात पसरली होती. पोटं टम्म फुगलेली. हाड तिच्या पंजांमधे होतं, पांढरं, चाटून स्वच्छ केलेलं. मी तिथेच उभा राहिलो, तिला काही होतंय का ते बघत. काही होत नव्हतं. पिल्लं खेळत होती. उन्हं वर आली, चर्चची घंटा झाली, तरी काही होत नव्हतं.

मागे बाबा येऊन उभे होते. किती वेळ, ठाऊक नाही. त्यांनी कुत्रीकडे पाहिलं, पिल्लांकडे पाहिलं, हाडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता, जणू हवेबद्दल बोलतायत तसं म्हणाले, "कुत्र्यांचे पोट निराळे असते, गुरुजी." आणि फळी पुसायला आत गेले.

म्हणजे दुपारी मुलाने विचारलं, तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. मांस चांगलं होतं हे, आणि माझ्या नाकाची लायकी. तरीही 'विसरलो' म्हणाले. ओसरीवर आलेल्या माणसाला त्यांनी लाज वाटू दिली नाही.

ती फळी माझ्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. वाटी काढून घेतली आहे. भोकातून भिंतीचा चुना दिसतो. वरून तीन नाताळ गेले. मी ती कधी मांडली नाही, मला मांडता येणार नाही. कधी कधी नाक लावून बघतो. धुराचा वास अजून आहे, एवढं मात्र मला नक्की कळतं.

आणि त्या दिवशी, सगळे बसल्यावर, मुलाच्या प्रश्नानंतर, मान वर करायची हिंमत नव्हती म्हणून मी खाली फळीकडे पाहिलं, तेव्हा माझ्यासमोर चीजचा तुकडा होता. मधला, सगळ्यात मऊ. त्या वर्षी चीज थोडंच झालं होतं आणि तो तुकडा एकच होता. परगावचे पाहुणे होते, गावातली एक नवी सून होती, लाजणारी पोरं होती. फळी त्यांनी त्या कुत्रीला पाहिल्यानंतर भरली होती. तो तुकडा त्यांनी माझ्यासमोर ठेवला होता.

मी तो खाल्ला.